‘द अर्थ प्राइझ’ला अर्ज करावा का? नारायणगावच्या टोमॅटोच्या वावरातून आमचा अनुभव

आम्ही जिंकलो नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटच्या यादीतही आमचं नाव नव्हतं. तरी गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या अर्जाने. आमच्या तालुक्यातली आणखी पोरं या वाटेला जावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी जुन्नर तालुक्यातली, नारायणगावजवळच्या एका वाडीवरची. आता बारावी सायन्सला आहे. अर्ज केला तेव्हा अकरावीत होते. टीममध्ये मी, माझा चुलतभाऊ आणि वर्गातली एक मैत्रीण असे तिघं. एका टीममध्ये एक ते पाच जण चालतात. वय १३ ते १९ हवं.

स्पर्धेची माहिती थोडक्यात अशी. ‘द अर्थ प्राइझ’ ही जिनिव्हाच्या ‘अर्थ फाउंडेशन’ची स्पर्धा आहे, २०२१ पासून चालू आहे. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी पर्यावरणाचा एखादा प्रश्न घ्यायचा आणि त्यावर स्वतःचा उपाय मांडायचा. बक्षिसांची एकूण रक्कम एक लाख डॉलर. २०२५ पासून जगाचे सात विभाग केले आहेत. प्रत्येक विभागातून एक विजेता निघतो, त्याला साडेबारा हजार डॉलर मिळतात, आणि त्या सातांतून जागतिक विजेता लोकांच्या मतांवर ठरतो. अर्जाला फी नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण फीचा एक प्रकार आमच्या बाबतीत घडला. तो पुढे सांगते.

मला ही स्पर्धा कळली ती इंदूरच्या तीन मुलांच्या बातमीमुळे. २०२५ मध्ये आशिया विभागात त्यांची टीम जिंकली. त्यांनी विजेशिवाय चालणारा फ्रीज केला होता. काही क्षार पाण्यात विरघळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतात, त्या थंडाव्यावर लशी आणि औषधं टिकवायची, अशी कल्पना. अमोनियम क्लोराइड पाण्यात टाकलं की परीक्षानळी गार लागते, हा प्रयोग आम्हीही लॅबमध्ये केला होता. जर्नलमध्ये निरीक्षण लिहिलं, सही घेतली, संपलं. त्याच गार नळीत या मुलांना गावाकडच्या दवाखान्यातली लस दिसली. बातमी वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

त्याआधी आठवणीत होती ती तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैची विनिशा उमाशंकर. तिने कोळशाच्या इस्त्रीऐवजी सौरऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी तयार केली. १४ वर्षांची असताना, २०२० मध्ये, तिला स्वीडनचा ‘चिल्ड्रन्स क्लायमेट प्राइझ’ मिळाला आणि पुढच्या वर्षी ग्लासगोच्या हवामान परिषदेत ती बोलली. रोज कॉलनीत दिसणारी गाडी, रोज दिसणारा कोळशाचा ढीग. प्रश्न शोधायला तिला लांब जावं लागलं नव्हतं.

आमच्याकडे रोज दिसतो तो मल्चिंग पेपर. नावाला पेपर, पण असतं पातळ प्लॅस्टिक, पिकाच्या बेडवर म्हणजे मातीच्या उंच वरंब्यांवर अंथरायचं.

नारायणगावचं टोमॅटोचं मार्केट सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या शेवटी बेड पाडायचे, ठिबकच्या नळ्या टाकायच्या, वरून चंदेरी-काळा पेपर अंथरायचा, भोकं पाडून रोपं लावायची. तणाचा त्रास जातो, पाणी वाचतं, फळ मातीला लागत नाही. पेपर चांगलाच आहे, त्याला मी वाईट म्हणणार नाही. माझ्या आईचं खुरपणीत वाकलेलं कंबरडं त्या पेपरने वाचवलं आहे. प्रश्न सुरू होतो तो माल संपल्यावर. बांबू-तार निघते, झाडं उपटून होतात आणि पेपर उरतो. पाच-सहा महिने उन्हात तापलेला, २५ मायक्रॉनचा, कडांवर मातीत गाडलेला. ओढला की फाटतो. मजूर मावश्या जमेल तेवढा ओढून बांधावर ढीग करतात. भंगारवाला मातीचा पेपर घेत नाही. मग एखाद्या संध्याकाळी कुणीतरी काडी लावतं. तो वास आमच्याकडे दिवाळीनंतर सगळीकडे असतो. जे तुकडे वावरात राहतात त्यांच्यावर रोटर फिरतो आणि ते मातीतच जातात. पुढच्या वर्षी नांगरताना काळ्या फिती वर येतात, आबा त्या उचलून खिशात घालतात. आबांच्या सदऱ्याच्या खिशात मी लहानपणापासून त्या फिती बघत आले आहे.

तेव्हा कल्पना सरळ होती. पेपर न फाटता उचलून गुंडाळणारं, दोन माणसांनी चालवायचं, विजेशिवायचं अवजार. मोडक्या सायकलचं पुढचं चाक, त्याला हँडल, पुढे कडेची माती सैल करणारे दोन छोटे फाळ. नववीत असताना हेच चित्र मी ‘इन्स्पायर अवॉर्ड-मानक’साठी शाळेतून दिलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना आहे. मुलांच्या कल्पना शाळा ऑनलाइन भरते. निवड झाली तर मॉडेल करायला १० हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी प्रदर्शनं. माझी निवड झाली, पैसे आले, त्यातून पहिलं मॉडेल झालं, जिल्ह्यापर्यंत गेलं. तिथे पुठ्ठ्यावर हिरव्या कागदाचं वावर चिकटवून मी मॉडेल मांडलं होतं. बघणारे ‘छान’ म्हणून पुढे जात होते. ते पैसे नसते तर वेल्डिंगवाल्याच्या दारातही मी गेले नसते, त्यामुळे त्या योजनेचे उपकार मोठेच. शाळेत असाल तर सुरुवात तिथूनच करा.

अर्थ प्राइझच्या अर्जाची पहिली ओळख मात्र जड गेली. सुरुवातीला आम्ही सगळं मोठ्या शब्दांत लिहिलं. प्लॅस्टिक प्रदूषण ही जागतिक समस्या आहे, माती ही आपली आई आहे, भावी पिढ्या वगैरे. दोन पानं झाली. आमच्या फिजिक्सच्या सरांना टीमसोबतचं मोठं माणूस म्हणून घेतलं होतं. त्यांनी वाचून कागद परत दिला. म्हणाले, “यात तुमचं वावर कुठंय?”

स्पर्धेच्या साइटवर शिकण्याचं साहित्य आहे, मार्गदर्शकांना प्रश्न विचारायची सोय आहे. आम्ही आमची कल्पना लिहून पाठवली. उत्तरात कौतुकाचे दोन शब्द होते आणि एक प्रश्न होता: एका एकरात किती प्लॅस्टिक जमिनीत राहतं?

आम्हाला माहीत नव्हतं. आबांना विचारलं, ते म्हणाले, लई राहतं. पप्पांना विचारलं, ते म्हणाले, निम्मं राहत असंल. कृषी सेवा केंद्रात विचारलं, तिथे दुकानदाराने रोलवरचं लेबल दाखवलं. चार फूट रुंद, चारशे मीटर लांब, २५ मायक्रॉन. किती राहतं ते लेबलवर कुठून असणार?

मग मोजायचं ठरलं.

पप्पांनी वीस गुंठ्यांच्या तुकड्यातले दहा बेड आम्हाला दिले. पाच बेड मावश्या नेहमीसारखे हाताने काढणार, पाच आमच्या अवजाराने. एक बेड दोनशे फुटांचा. आधी नव्या पेपरचं वजन हवं होतं. शेडमध्ये उरलेल्या रोलमधून दहा मीटर कापला, काकूच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. २७४ ग्रॅम. म्हणजे दोनशे फुटांच्या बेडवर जवळपास १ किलो ६७० ग्रॅम पेपर अंथरलेला असतो.

पहिला बेड काढला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. मावश्यांनी पेपर ओढला, आम्ही सुतळीने बांधून दुकानात आणला. काट्यावर ३ किलो ९०० भरला. मैत्रीण आनंदाने म्हणाली, “अगं, जास्तच निघाला!” काकू हसली. तिने कोपऱ्यातला पेपर उचलून झटकला आणि दुकानाच्या फरशीवर मातीचा हा ढीग पडला. तेव्हा आम्हाला कळलं की भंगारवाला का घेत नाही. तो माती विकत घेणार नाही.

मग धुणं आलं. गोठ्याशेजारच्या हौदात एकेक बेडचा पेपर वेगळा भिजत घातला. काळी माती सहज सुटत नाही. ती पेपरच्या चुण्यांत बसते, हाताने घासावी लागते. पहिल्या पाण्यात चहासारखा रंग, दुसऱ्यात जरा कमी, तिसऱ्यात जवळजवळ स्वच्छ. मुळांच्या बारीक जाळ्या पेपरला चिकटलेल्या असतात, त्या नखांनी काढल्या. गढूळ पाणी घासाला सोडलं. टोमॅटोच्या तारा अजून रचून ठेवायच्या होत्या, त्यातलीच एक आंब्याला बांधून पेपर वाळत घातला. चंदेरी बाजू वर आली की ऊन डोळ्यांत जायचं. संध्याकाळी पाचनंतर आई बाहेर थांबू द्यायची नाही. उसाची तोड चालू होती आणि आमच्याकडे बिबट्याची भीती खरीच असते. त्यामुळे कॉलेज सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत जेमतेम दीड-दोन तास मिळायचे. दहा बेडचा पेपर धुऊन, वाळवून, तोलून व्हायला सोळा दिवस लागले.

शेजारचे एक नाना रोज बांधावरून जाताना विचारायचे, “पोरींनो, कचरा धुऊन काय करणार?” सातव्या-आठव्या दिवशी ते स्वतःच काट्याशी येऊन उभे राहिले आणि आकडा विचारला.

हाताने काढलेल्या पाच बेडची सरासरी आली १ किलो ४४०. नव्या पेपरपेक्षा २३० ग्रॅम कमी. त्यातले दहा-पंधरा ग्रॅम रोपांसाठी पाडलेल्या भोकांचे, ते तर लावणीलाच निघून गेले होते. बाकीचे सव्वादोनशेच्या आसपास ग्रॅम एका बेडच्या मातीत. एकरात असे ३७ बेड धरले तर जवळपास आठ किलो. एका हंगामाचे. आबांच्या हिशेबाने ‘लई’, पप्पांच्या हिशेबाने ‘निम्मं’, आणि मोजलं तेव्हा आठवा भाग. निम्म्यापेक्षा खूप कमी निघाला म्हणून आम्ही आधी जरा खट्टू झालो होतो. पण सरांनी फळ्यावर आठ गुणिले दहा लिहिलं. आमच्या वावरात दहा-बारा वर्षांपासून मल्चिंग होतं आहे. सगळ्या वर्षी एवढाच राहिला असेल असं म्हणता येत नाही, आणि आबांनी खिशातून किती नेला त्याचा हिशेब नाही. तरी त्या गुणाकाराकडे बघून वर्गात आम्ही तिघंही गप्प झालो.

ही आकडेमोड पाच बेडची, एका वावराची, काळ्या जमिनीची आहे. मुरमाड जमिनीत वेगळं येईल. अर्जात आम्ही हे स्पष्ट लिहिलं. मला वाटतं, या स्पर्धेत खोटा मोठा आकडा देण्यापेक्षा खरा लहान आकडा देणं जास्त चांगलं. बक्षीस कसं ठरतं ते परीक्षकांना ठाऊक, पण मला स्वतःला त्या आकड्यावर विश्वास होता. कुणीही उलटसुलट विचारलं असतं तरी मी उत्तर देऊ शकले असते.

अवजाराची गोष्ट वेगळीच झाली. पहिल्या दिवशी आमचं यंत्र पूर्ण फसलं. चाक फिरवलं, पेपर वीस फूट आला आणि टर्रकन फाटला. पुन्हा जोडला, पुन्हा फाटला. कडा मातीत घट्ट बसलेल्या. त्या बेडवर हातापेक्षा जास्त तुकडे राहिले, तो बेड आम्ही मोजणीतून बाद केला आणि दुसरा घेतला. माझा चुलतभाऊ रडवेला झाला होता, कारण वेल्डिंगच्या दुकानात सुट्टीभर तोच बसला होता. आबा बांधावर बसून बघत होते. ते उठून आले, बेडच्या कडेची माती हातात घेतली, मुठीत दाबली, सोडली. गोळा होईना, कोरडी ढेकळंच राहिली. म्हणाले, “वाफसा नाय. कोरड्यात वढताय. रात्री ठिबक सोडा घटकाभर, उद्या दुपारी वढा.”

वाफसा म्हणजे पाणी मुरल्यावर माती ना चिखल, ना कोरडी अशी असते ती स्थिती. आम्ही तसं केलं. अर्धा तास ठिबक, मग रात्रभर थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारी माती ना चिखल, ना ढेकूळ. फाळ कडेखालून लोण्यातून गेल्यासारखा गेला. नळ्या आधी बाहेर काढल्या होत्या. दोनशे फूट पेपर एका सलग पट्टीत चाकावर आला. वर चिकटलेली मातीही कमी होती, कारण ओलसर माती आपोआप गळून पडत होती. मावश्या काम थांबवून बघायला आल्या. एकीने हँडल हातात घेतलं आणि पुढचा बेड तिनेच गुंडाळला. अवजाराने काढलेल्या पाच बेडची सरासरी १ किलो ५९०. भोकं वजा जाता बेडमागे ६५-७० ग्रॅम मातीत, म्हणजे एकरी अडीच किलोच्या आसपास.

आठवरून अडीचवर. पण त्यातला किती फरक चाकाचा आणि किती वाफशाचा? हा प्रश्न मैत्रिणीने विचारला आणि त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, कारण हाताचे बेड आम्ही कोरड्यात काढले होते. वाफशावर हाताने काढलेले पाच बेड हवे होते. वावर तोपर्यंत संपलं होतं. अर्जात ‘पुढे काय करणार’ असं सांगायचं होतं तिथे आम्ही पहिलं हेच लिहिलं.

आता भाषेबद्दल, कारण मराठी माध्यमातल्या मुलांना हीच भीती असते. आम्ही तिघंही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. अर्ज इंग्रजीतून भरला. आम्ही एक केलं: सगळा मजकूर आधी मराठीत लिहिला. पूर्ण, स्वच्छ, जसं आबांना समजावून सांगू तसा. मग इंग्रजी केलं. वाक्यं छोटी ठेवली. अडलो ते ‘वाफसा’ या शब्दापाशी. शब्दकोशात हवा तसा शब्द मिळेना. ‘ओलावा’ म्हटलं तर ठिबक चालू असतानाही ओलावाच असतो. शेवटी आम्ही तीन वाक्यं लिहिली. पाणी दिल्यावर मातीतलं जास्तीचं पाणी खाली उतरतं, मातीच्या कणांत हवा आणि ओल दोन्ही असतात, मुठीत दाबली तर माती गोळा होते आणि बोटाने ढकलली तर मोडते. ती तीन वाक्यं लिहायला अख्खी संध्याकाळ गेली. पूर्ण अर्जात मला सगळ्यात आवडलेला भाग तोच आहे. आपल्याकडे एका शब्दात किती ज्ञान भरून ठेवलंय हे मला त्या संध्याकाळी कळलं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. इंग्रजीच्या मॅडमना व्याकरण बघायला सांगा, पण वाक्य तुमचंच राहू द्या. आमच्या मॅडमनी दोन ठिकाणी भारी शब्द सुचवले होते. ते आम्ही नम्रपणे नको म्हटले, त्यांनाही पटलं.

आता तो फीचा प्रकार. अर्ज पाठवल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी चुलतभावाला एका वेगळ्याच संस्थेचा व्हॉट्सॲप मेसेज आला. पर्यावरणासाठी काम करणारे ‘बालवैज्ञानिक’ म्हणून तुमची आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, दिल्लीला कार्यक्रम, ट्रॉफी, सर्टिफिकेट, नोंदणी ४,५०० रुपये. आम्ही त्यांच्याकडे अर्जच केला नव्हता. कदाचित प्रदर्शनाच्या ग्रुपवरून नंबर गेला असेल. घरात दोन दिवस आनंद होता. काकांनी पैसे काढायची तयारी केली होती. टोमॅटोला त्या वर्षी भाव पडलेला होता, ४,५०० ही लहान रक्कम नव्हती. सरांनी त्यांना फोन करून एवढंच विचारलं की मुलांचं कोणतं काम तुम्ही पाहिलं. पलीकडच्या माणसाला सांगता आलं नाही. अवजाराचं नावही त्याला माहीत नव्हतं. आम्ही पैसे भरले नाहीत. मला त्या मेसेजचा राग अजून आहे. ज्या घरात पहिल्यांदा कुणीतरी ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ऐकतं, तिथे तो मेसेज काय करतो हे पाठवणाऱ्याला चांगलं माहीत असतं. म्हणून पालकांना सांगणं आहे: पैसे मागणारा पुरस्कार आला की आधी विचारा, तुम्ही आमच्या मुलीचं काय वाचलं?

निकालाचा दिवस साधाच गेला. आमचं नाव नव्हतं. मैत्रीण आणि मी मोबाइलवर निवडलेल्या टीम बघत बसलो. पहिल्यांदा वाईट वाटलं, मग कुतूहल वाटलं, कारण आता आम्हाला ते काम वाचता येत होतं. यांनी किती मोजलं, कुठे मोजलं, कुणाला वापरायला दिलं, हे प्रश्न आपोआप डोक्यात येत होते. आमच्यात कमी काय होतं याचा माझा अंदाज असा आहे की आम्ही एका वावराच्या बाहेर गेलोच नाही. गुंडाळलेल्या पेपरचं पुढे काय, यालाही आमचं उत्तर अर्धवट होतं. एका भंगारवाल्याने धुतलेला पेपर किलोला आठ रुपयांनी घेईन म्हटलं, पण धुणार कोण? सोळा दिवस आम्ही धुतला. शेतकरी धुणार नाही. माझी आईसुद्धा धुणार नाही.

हाच मोजलेला पेपर फेब्रुवारीत आम्ही खोडदला नेला. तिथे जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची दुर्बीण. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त ते लोकांसाठी खुलं असतं आणि मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. या वेळी पुठ्ठ्याचं वावर नेलं नाही. तीन गोष्टी मांडल्या: मातीसकट ३ किलो ९०० चा गठ्ठा, त्याच बेडचा धुतलेला गठ्ठा, आणि काचेच्या बरणीत सव्वादोनशे ग्रॅम पेपरचे तुकडे, बेडमागे मातीत राहणारे. लोक बरणी हातात घेऊन फिरवून बघत होते. एका शेतकऱ्याने विचारलं, “हे माझ्या एका बेडमधलं?” आणि शेजारी उभ्या त्याच्या मुलाला जवळ बोलावलं. नववीत मी दिवसभर लोकांना थांबवून माहिती सांगत होते. या वेळी लोक स्वतः थांबत होते.

कुणी अर्ज करावा? ज्यांच्याकडे प्रश्न स्वतःच्या अंगणातला आहे त्यांनी नक्की करावा. कल्पना पूर्ण तयार नसली तरी चालते, पण मोजायची तयारी हवी. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करा. आम्ही अर्ज जानेवारीत पाठवला आणि शेवटचे दहा दिवस फार धावपळ झाली. मुदत दर वर्षी साइटवर बघून घ्या. बारावीत असाल तर नीट विचार करा, कारण हे सगळं बोर्डाच्या तोंडावर येतं. मला स्वतःला अकरावीचं वर्ष योग्य वाटलं. दहावीच्या मुलांनाही मी हेच सांगेन की एक वर्ष थांबा, तोपर्यंत मोजून ठेवा. सहावी किंवा नववीत असाल तर डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचा कृतिसंशोधन प्रकल्प करून बघा. मोजायची सवय तिथे लागते.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा मी राखून ठेवते आहे, कारण आमच्यासारख्या मुलांना मराठीत लिहून पाठवता आलं असतं तर मला अजून आवडलं असतं. हा त्यांचा दोष म्हणून सांगत नाही, इच्छा म्हणून सांगते. तो एक प्रश्न, किती राहतं, त्याच्यासाठी मी पाचच्या वरही द्यायला तयार आहे.

अवजार सध्या शेजारच्या नानांकडे आहे. त्यांचा दीड एकर संपला की वरच्या वाडीवर जाईल. या हंगामात वाफशावर हाताने पाच बेड काढायचे आहेत, त्याची वजनं मैत्रीण वहीत लिहिणार आहे. कुणाला स्वतः करून बघायचं असेल तर २६ इंची रिम घ्या. आम्ही आधी २४ ची लावली होती, तिच्यावर दोनशे फूट पेपर पुरा बसत नाही, शेवटी घसरतो. आणि हँडल डाव्या बाजूला लावा. मावश्या उजव्या हाताने पेपर सावरतात.